सेकंदाला साडेतीन टन

एक, दोन, तीन म्हणेपर्यंत भारतात दहा टन फळ तयार झालेलं असतं. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अंदाजानुसार २०२२-२३ या वर्षात देशातलं फळांचं उत्पादन ११ कोटी टनांच्या थोडं वर होतं. वर्षाचे सेकंद भरतात ३ कोटी १५ लाख. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला साडेतीन टन. रात्री, भर पावसात, सणावारी, अखंड.

दिवसाचे झाले तीन लाख टन. दहा टन मावणाऱ्या ट्रकांत ते भरायचे तर तीस हजार ट्रक लागतील. ट्रकची लांबी दहा मीटर धरली आणि मध्ये जागा न सोडता ते एकामागे एक उभे केले, तर रांग होते तीनशे किलोमीटरची. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कर्जत हे रेल्वेचं अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. म्हणजे सीएसएमटीपासून कर्जतपर्यंत शेजारी शेजारी तीन रांगा, फक्त फळांच्या, आणि त्या रोज नव्या.

या रांगेचा एक तुकडा खरोखरच कर्जतच्या जवळून जातो. सांगोल्याचं डाळिंब, तासगावची द्राक्षं, पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर बोरघाट उतरून, खालापूरचा टोलनाका ओलांडून वाशीच्या फळबाजाराकडे जातं. उल्हास नदीच्या काठची दहिवली तिथून फार लांब नाही. ज्या कर्जत नगरपरिषदेत ती येते, तिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या जवळ होती. देशाचं फळ १४२ कोटी लोकांत सारखं वाटलं तर माणशी वर्षाला साडेसत्याहत्तर किलो येतं, दिवसाला सुमारे २१२ ग्रॅम. या दराने कर्जत-दहिवलीचा रोजचा वाटा होतो ६ टन ४०० किलो. इतकं फळ इथल्या घरांत रोज खाल्लं जातं का? जात नसेल, तर ते कुठे जातं? देशाकडे ‘खायला उपलब्ध’ असलेलं फळ मोजणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधणं. आणि हे उत्तर शोधण्याच्या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत एक मराठी माणूस अगदी पुढे होता.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. शेतातलं पीक उभं असताना त्याचा अंदाज कसा घ्यायचा, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. सगळी शेतं मोजणं अशक्य. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही शेतं निवडायची, त्यांतल्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून, झोडून, वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पादन काढायचं. तो तुकडा केवढा असावा, यावर प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की तुकडा जितका लहान तितकं उत्पादन फुगून दिसतं. लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कड जास्त असते, आणि कडेवरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. एका शेतात ही चूक मूठभर दाण्यांची. देशाच्या हिशेबात ती लाखो टनांची होते.

त्याच सुमारास, १९४५ साली, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. जॉन बॉइड ऑर तिचे पहिले महासंचालक. दुसऱ्याच वर्षी संघटनेने पहिली जागतिक अन्न पाहणी काढली, त्यात सत्तर देशांचा हिशेब होता. पुढे सुखात्मे या संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले आणि रोममध्ये त्यांनी जवळजवळ दोन दशकं हे काम पाहिलं.

या हिशेबाला अन्नाचा ताळेबंद म्हणता येईल, आणि त्याची रीत किराणा दुकानदारालाही पटेल अशी आहे. देशात पिकलं किती, त्यात बाहेरून आलेलं मिळवा, बाहेर गेलेलं वजा करा, साठ्यातला फरक धरा. मग बियाण्याला, जनावरांना आणि कारखान्यांना गेलेलं काढा, नासलेलं काढा. उरलं ते माणसांना खायला उपलब्ध. लोकसंख्येने भागलं की माणशी आकडा हातात येतो. धान्यासाठी ही रीत बरी चालते. फळापाशी ती पायरीपायरीला अडखळते.

पहिली पायरी उत्पादनाची. भाताचं खाचर एकदा कापलं की वजन मिळतं. आंब्याचं झाड एका दिवसात उतरत नाही. झेला घेऊन माणूस चार-पाचदा चढतो, प्रत्येक तोड्याचा माल वेगळा. एका वर्षी लगडलेलं झाड पुढच्या वर्षी रिकामं राहू शकतं. कितीतरी बागा मोहोरावरच व्यापाऱ्याला दिल्या जातात, त्यामुळे एकूण माल किती निघाला हे बागायतदाराच्या वहीत येतच नाही. क्षेत्र कळतं सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीतून. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवतो. पण बांधावरचा रायवळ आंबा, विहिरीजवळची चार केळी, पडवीमागचा फणस हे कोणत्या गटात किती गुंठे धरायचे? बाग म्हणून लावलेलं फळ आकड्यात सहज येतं. सहज उगवलेलं फळ त्यातून निसटतं.

फळ कशाला म्हणायचं, हेही सगळीकडे सारखं नाही. आपल्या कृषी मंत्रालयाच्या यादीत कलिंगड फळांत येतं. अन्न व कृषी संघटनेच्या पीक-वर्गीकरणात ते भाजीपाल्याच्या गटात जातं. नारळ आणि काजू आपल्याकडे प्लँटेशन पिकांत मोजतात, म्हणून शहाळं फळांच्या ११ कोटी टनांत नाही. लोणच्याची कैरी, भाजीचं कच्चं केळं आणि भाजीची कुयरी मात्र फळांतच जमा होतात.

तरीही या राशीचे दोन मोठे हिस्से पाहण्यासारखे आहेत. त्या वर्षी केळी साडेतीन कोटी टनांहून अधिक होती. एक केळं १२० ग्रॅमचं धरलं तर संख्या तीस हजार कोटींपर्यंत जाते. माणशी वर्षाला दोनशे पंधरा, म्हणजे आठवड्याला चार. आंबा सुमारे २ कोटी १० लाख टन, माणशी पंधरा किलोच्या आसपास. ‘चांगला आंबा सगळा परदेशी जातो’ हे वाक्य कोकणात घरोघरी ऐकू येतं. २०२२-२३ मध्ये भारतातून ताजा आंबा बाहेर गेला २२ हजार ९६३ टन. हजार किलोमागे जेमतेम १ किलो १०० ग्रॅम. उरलेला ९९८ किलो आणि काही ग्रॅम देशातच राहिला. द्राक्षाचं प्रमाण वेगळं आहे. त्याच वर्षी २ लाख ६८ हजार टन ताजी द्राक्षं निर्यात झाली. पण सगळ्या फळांची निर्यात वजा केली आणि आयात केलेलं सफरचंद, खजूर, किवी मिळवली, तर आपल्या २१२ ग्रॅमांत एक-दोन ग्रॅमांचाच फरक पडतो. आपलं फळ परदेश खात नाही, हे पहिलं ठाम उत्तर.

दुसरी वजाबाकी नासाडीची. फळांतलं तीस-चाळीस टक्के वाया जातं, असं भाषणांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रत्यक्ष पाहण्या इतकं सांगत नाहीत. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात फळानुसार हा आकडा ६.७ ते १५.८८ टक्के आला. नॅबकॉन्स या सल्लागार कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत ६ ते १५ टक्के. दोन्ही वेळा सर्वांत जास्त नासतो तो पेरू. आपण सरसकट दहा टक्के धरू. टक्का लहान वाटला तरी दिवसाचे तीस हजार टन होतात, तीन हजार ट्रक. २१२ ग्रॅमांतून २१ गेले, राहिले १९१.

तिसरी वजाबाकी प्रक्रियेची. बेदाणा, आंब्याचा रस, मुरांबा, सरबत, वाइन. इथे समजा पाच टक्के गेले. राहिलं १८० ग्रॅम ताजं फळ.

चौथी वजाबाकी देशाच्या ताळेबंदात होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. केळ्याची साल, आंब्याची बाठ, डाळिंबाचं टरफल, कलिंगडाची पाठ. फणसाच्या तर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा गऱ्यांचा. सगळं मिळून एक तृतीयांश टाकून द्यावं लागतं असं धरलं तर उरतात १२० ग्रॅम.

सेकंदाला साडेतीन टनांपासून निघालेली धार माणसाच्या तोंडाशी येईपर्यंत दिवसाला एक वाटीभर फोडींवर आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे रोज १०० ग्रॅम फळं खाण्याचा. फळांच्या उत्पादनात चीनपाठोपाठ जगात दुसरा असलेला हा देश, सगळं सारखं वाटलं तरच, सल्ल्यापेक्षा फक्त वीस ग्रॅम पुढे आहे. विपुलतेच्या बातम्या वाचताना ही वीस ग्रॅमांची मोकळीक लक्षात ठेवायला हवी.

आता हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारून पाहू. झाडापासून खाली न येता घरापासून वर जाऊ. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात केंद्राच्या सांख्यिकी विभागाने देशभर कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. गेल्या सात दिवसांत कोणतं फळ, किती, कितीला, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. उत्तर आलं ते असं: खेड्यात एका माणसामागे महिन्याचा एकूण खर्च ३,७७३ रुपये, त्यातले फळांवर सुमारे १४० रुपये. शहरात ६,४५९ पैकी सुमारे २४६. आणि यात सुका मेवाही धरलेला आहे.

खेड्यातले १४० रुपये म्हणजे दिवसाला ४ रुपये ६७ पैसे. बाजारात सगळ्या फळांचा सरासरी भाव किलोला ५० रुपये धरला, तर तेवढ्यात येतं ९३ ग्रॅम फळ, सालीसकट. शहरात येतं १६४ ग्रॅम. खेडं आणि शहर त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात एकत्र केलं की देशाची सरासरी ११८ ग्रॅमच्या आसपास बसते. झाडाकडून निघालेल्या हिशेबाने १८० ग्रॅम ताजं फळ बाजारात यायला हवं होतं. दोन मोजण्यांत फरक ६२ ग्रॅमांचा.

बासष्ट ग्रॅम म्हणजे अर्धं केळं. त्याला १४२ कोटींनी गुणलं की होतात दिवसाला ८८ हजार टन. दहा टनी ट्रकांची अठ्ठ्याऐंशी किलोमीटरची रांग, सीएसएमटीपासून नेरळच्या थोडं पुढेपर्यंत. एका हिशेबात हे फळ आहे, दुसऱ्यात नाही. भाव ४० रुपये धरला तर ही रांग निम्म्यावर येते, ६० धरला तर आणखी लांबते. सुका मेवा वेगळा काढला तरीही लांबतेच. चाळीस ते साठमधल्या कोणत्याही भावाने ती नाहीशी मात्र होत नाही.

हे फळ गेलं कुठे? काही रसाच्या गाड्यांवर, हॉटेलांत, लग्नाच्या पंगतींत, देवापुढे. गृहिणीला सात दिवसांचं विचारलं तर मुलाने शाळेतून येताना खाल्लेला पेरू तिला आठवतोच असं नाही. काही किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीत संध्याकाळी मऊ पडलं. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे वाशीच्या आवकेची नोंद पाहूनही सगळा माल हाती लागत नाही. आणि काही फळ कदाचित कधी पिकलंच नव्हतं. ते अंदाजातच वाढलं, सुखात्म्यांनी दाखवलेल्या कडेवरच्या रोपांसारखं.

सुखात्म्यांचं मोठेपण पुढच्या पायरीवर आहे. देशाचं अन्न लोकसंख्येने भागलं की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. बॉइड ऑर यांनी १९५० साली जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी किंवा अर्धपोटी असल्याचं म्हटलं होतं. सुखात्म्यांनी सरासरीच्या जोडीला वाटणी घेतली. कोणत्या घरात किती अन्न जातं आणि माणसागणिक गरज किती बदलते, याचा विचार करून १९६१ साली त्यांनी मांडलं की जगातली दहा ते पंधरा टक्के माणसं पुरेसं अन्न मिळत नसलेली आहेत, आणि निकृष्ट आहारामुळे पोषण कमी पडणाऱ्यांची संख्या त्याहून पुष्कळ मोठी आहे. आज भुकेल्यांची जागतिक गणना ज्या रीतीने होते, तिची मुळं या कामात आहेत. सरासरी कोणाच्याच ताटात पडत नाही, हे संख्याशास्त्राच्या भाषेत सिद्ध करणारा हा माणूस खटाव तालुक्यातल्या एका गावातून आला होता.

ही नजर घेऊन कर्जत-खालापूरकडे पाहिलं की ताळेबंदाची दोन्ही टोकं एकाच परिसरात दिसतात. महामार्गावरून जाणारं फळ वजनकाट्यावर चढतं, बिलात येतं, आकड्यात येतं. आणि एप्रिल-मे महिन्यांत ठाकूर आणि कातकरी बाया पाटीत करवंदं, तोरणं, पुढे जांभळं घेऊन कर्जत स्टेशनाजवळ, नेरळ-माथेरानच्या वाटेवर बसतात. इथे माप आहे वाटा किंवा पानाचा द्रोण. ही झाडं कोणी लावलेली नाहीत. त्यांना सातबारा नाही, तोड्यांची नोंद नाही, कोणत्याही आगाऊ अंदाजात त्यांचं नाव नाही. कर्जतच्या भाताच्या वाणांवर इथल्या कृषी संशोधन केंद्राने पिढ्यानपिढ्या काम केलं. डोंगरउतारावरच्या करवंदीचं एकरी उत्पादन मात्र कोणी विचारत नाही.

त्याचा अदमास घेऊन बघू. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. समजा उन्हाळ्याचे साठ दिवस प्रत्येकाने रोज पन्नास ग्रॅम रानफळ खाल्लं, म्हणजे एक छोटी ओंजळ. माणशी तीन किलो. जिल्ह्याचे झाले नऊशे टन, नव्वद ट्रक. देशाच्या ११ कोटी टनांपुढे ते लाखातल्या एका हिश्शाहूनही कमी आहे, गोळाबेरजेत शेवटच्या आकड्यालाही धक्का लावत नाही. पण ज्या मुलाने ती ओंजळ खाल्ली, त्याची फळांची दिवसाची निम्मी गरज त्यात भागली, एक पैसा न देता. देशाच्या पातळीवर शून्य आणि मुलाच्या पातळीवर पन्नास टक्के, हे दोन्ही एकाच ओंजळीबद्दल खरं आहे. म्हणून डोंगरावर वणवा गेला, उतार सपाट करून फार्महाऊसचे प्लॉट पडले, जुना रायवळ तोडला, तर राष्ट्रीय आकड्यात काहीही हलत नाही आणि वाडीवरच्या मुलाच्या आहारातून मात्र फळांचा अर्धा वाटा निघून जातो. असं नुकसान टिपणारं माप आपल्याकडे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनउपजावर जंगलात राहणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला. त्या हक्काबरोबर मोजणी ग्रामसभेकडे आली, तर कोणती झाडं राहिली, कोणती गेली, याचं उत्तर गावाच्या दप्तरात सापडेल.

ऋतूचंही तेच आहे. माणशी पंधरा किलो आंबा ही वर्षाची सरासरी. आंबा खाल्ला जातो दोन-अडीच महिन्यांत. आषाढ-श्रावणात डोंगरातलं रानफळ सरतं आणि हातावर पोट असलेल्या घरात मजुरीही कमी येते. तेव्हा फळ म्हणजे जवळजवळ फक्त केळं. वर्षाच्या आकड्यात हे रिकामे महिने दिसत नाहीत. त्यासाठी महिन्यामहिन्याचा हिशेब लागेल.

आणि गरज केवढी आहे, तेही याच आकड्यांत आहे. कर्जत नगरपरिषदेतल्या तीस हजार माणसांना रोज शंभर ग्रॅम खाण्याजोगं फळ द्यायचं तर साल-बाठ धरून साडेचार टन लागतं. अर्धा ट्रक. देशासाठी लागतात रोज एकवीस हजार ट्रक, आणि नासाडी-प्रक्रिया वजा जाता आपल्याकडे आहेत साडेपंचवीस हजार. पुरेसं आहे, पण उधळण्याइतकं नाही. म्हणूनच नासाडीचा प्रत्येक टक्का मोलाचा. ११ कोटी टनांचा एक टक्का म्हणजे ११ लाख टन. एका माणसाला वर्षभर रोज शंभर ग्रॅम गर मिळायला साधारण पंचावन्न किलो फळ लागतं. नासाडी दहावरून नऊ टक्क्यांवर आली, तर एकही नवं झाड न लावता दोन कोटी माणसांची वर्षभराची फळं वाचतात. ती त्या दोन कोटींपर्यंत पोचली की नाही, हे उत्पादनाचा आकडा कधीच सांगणार नाही. ते घराघरांत, महिन्यामहिन्याला, वाडीवस्तीपर्यंत जाऊन मोजावं लागेल. सुखात्म्यांनी १९६१ साली दाखवलेली वाट तीच आहे, आणि तिच्यावरचं पुढचं काम आपलं आहे.